उलटी चावी, चौदा आटे

आमचं मूळ देवगडकडचं, डोंगर चढून पलीकडे उतरलं की आठ-दहा घरांची वाडी, तिथला मी. नाव लिहा सीताराम, आडनाव नाही लिहिलंत तरी चालेल, लालबागपासून शिवडीपर्यंत सीताराम चावीवाला म्हटलं की जुनी माणसं अजून बोट करून घर दाखवतात. शाळा चौथी, तीही पुरी नाही. गुरुजींनी नसलेल्या चुकीबद्दल हातावर छडी मारली, मी पाटी तिथंच ठेवली आणि निघून आलो, ती पुन्हा उचलली नाही. बाप मिलमध्ये होता, तो मे महिन्यात गावी आला तर म्हणाला, मेल्या, शिकायचं नाही तर चल मुंबईक, आणि मी आलो. माफी मागितली असती तर शिकलो असतो, पण माफी मागायची ती चुकलेल्यानं, हे माझं तेव्हापासून आहे, चांगलं की वाईट ते तुम्ही ठरवा.

मिलमध्ये मी साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, कधी उभा राहिलो नाही. मी पाण्याचा माणूस. कापसाला पाणी लागतं हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं, हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून खात्यात सतत ओल धरून ठेवावी लागते, शिवाय बॉयलर, शिवाय रंगखातं, मिल म्हणजे पाणी पिणारं जनावर. त्या जनावराच्या पोटातले सगळे पाइप मला पाठ होते. आमची चाळ मिलचीच, मिलच्या भिंतीला पाठ लावून उभी, तीन मजले, आणि चाळीचं पाणीही भिंतीतून मिलकडूनच यायचं. पालिकेच्या दप्तरी चाळीच्या नावानं नळच नव्हता. कधी कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मिल आहे तर पाणी आहे, आणि मिल नसेल असं कोणाच्या डोक्यात येणार?

मग संप झाला. संपाचं तुम्ही खूप ऐकलं असेल, मी नवीन काय सांगू तुम्हाला. अर्धी चाळ गावी गेली, जी राहिली ती आज मिटेल उद्या मिटेल करत राहिली, बायकांनी पापड लाटले, वाल सोलून दिले, आमच्या हिनं दादरला चार घरची धुणी धरली. ही म्हणजे माझी बायको, सुलोचना. आणि एके दिवशी चाळीचं पाणी बंद. भिंतीच्या आतून कोणीतरी चावी मारली. आम्ही गेटवर गेलो तर आतला माणूस म्हणतो, मिलचं पाणी मिलच्या कामगाराला, तुम्ही कामावर या, पाणी येईल. बोलला तो मान खाली घालून, त्याचीही चूक नाही, पण तहान ती तहान.

बायका लांबून हंडे वाहायला लागल्या. भिवाची बायको इंदिरा, तिला तेव्हा सातवा महिना, ती जिन्यावर हंडा घेऊन घसरली. पोटातलं वाचलं, पण त्या दिवशी भिवा माझ्याकडे आला आणि म्हणाला, सीताराम, तुका सगळे पाइप ठाऊक आसत ना, मग बसलंस काय? भिवा माझा गाववाला, रंगखात्यात होता, वाघासारखा माणूस.

मला ठाऊक होतं की पालिकेची मोठी लाइन मिलमध्ये शिरायच्या आधी आमच्या अंगणाच्या कडेनं जाते. तिला भोक पाडून जोड द्यायचा. एक व्हॉल्व्ह लागणार, तो बॉयलरखात्याच्या भंगारातून संपाआधीच माझ्या घरी आलेला होता, कसा ते विचारू नका. तो उलट्या आट्यांचा होता. म्हणजे सगळे व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवले की बंद होतात, हा डावीकडे. चौदा फेरे. आमच्यात एका पुऱ्या फेऱ्याला आटा म्हणतात, तर चौदा आटे.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी आम्ही ते काम केलं, मी आणि भिवा. सगळं लालबाग रस्त्यावर, ढोल-ताशांच्या आवाजात छिन्नी-हातोड्याचा आवाज कुणाला येतो? संध्याकाळी नळाला पाणी आलं. मग त्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यावर आम्ही धुणं धुवायचा मोठा दगड ओढून ठेवला, दोन माणसांशिवाय हलत नाही असा, आणि त्या दगडावर नारळ ठेवून भिवानं गाऱ्हाणं घातलं. आमच्या कोकणात कुठलंही मोठं काम केलं की देवाला गाऱ्हाणं घालतात, एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला व्हय म्हाराजा म्हणायचं, म्हणजे तो सगळ्यांचा शब्द होतो. भिवा म्हणाला, बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांनी आज जा काय केला ता पोटासाठी केला, चुकला-माकला आसात तर पदरात घे, मी म्हटलं व्हय म्हाराजा. आणि ह्या दगडाखाली काय आसा ता भायरच्याक कळू देव नको, आनि ज्येच्या तोंडातून जायत त्येका तूच बघून घे रे म्हाराजा. मी म्हटलं व्हय म्हाराजा. लक्षात ठेवा हे, मी म्हटलं होतं.

याला चोरी म्हणायचं तर म्हणा. मी म्हणत नाही.

संप कधी संपला ते कोणालाच कळलं नाही, मिल मात्र संपली. भिवा शिवडीला गोदीत गोणी उचलू लागला आणि काही वर्षांनी छातीनं गेला. मी पाण्याचा माणूस म्हणून पालिकेच्या पाणीखात्यात लागलो, आधी रोजंदारीवर खड्डे खणायला, मग चावीवाला म्हणून कायम. चावीवाल्याचं काम लोकांना वाटतं सोपं. हातात माणसाएवढी लोखंडी चावी, चेंबरचं झाकण उघडायचं, चावी लावायची, फिरवायची, ह्या गल्लीचं पाणी बंद, त्या गल्लीचं सुरू. पण कुठला व्हॉल्व्ह कुठं, किती आट्यांचा, कुठला सुलटा, कुठला उलटा, कुठला अर्ध्यावर अडकतो, कुठल्याला आधी थोडं उलटं फिरवून मग सुलटं घ्यायचं, हे कोण सांगणार? ऑफिसात एक जुना नकाशा होता, कापडावर चिकटवलेला, चहाचे डाग पडलेला, त्यात अर्ध्या लाइनी नव्हत्या आणि होत्या त्या चुकीच्या. आमचा नकाशा पायांत. इराण्याच्या हॉटेलच्या पायरीपासून रस्त्याकडे सहा पावलं. पिठाच्या गिरणीच्या दारासमोर, दाराच्या डाव्या बिजागरीच्या रेषेत. आणि कुठं गळतंय ते बघायला लोखंडी कांब, एक टोक जमिनीला, एक टोक कानाला. पाणी बोलतं हो. वाहतं तेव्हा वेगळं बोलतं, गळतं तेव्हा वेगळं.

एवढी वर्षं खात्यात होतो पण माझ्या अंगणातल्या दगडाबद्दल तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर नोकरी गेली असती, आणि शिवाय गाऱ्हाणं होतं. सकाळी सहाला पाणी यायचं, इंदिरा त्याच दगडावर धुणं धुवायची, आणि माझ्याकडे बघून एवढंसं हसायची. बस.

मी निवृत्त झालो, चावी माझ्या हाताखाली शिकलेल्या दत्तूला दिली. तोपर्यंत इराणी गेला, गिरणी गेली, करी रोडच्या बाजूला मान वर करून बघावी लागेल अशा इमारती उठल्या. दत्तू मला फोन करायचा, काका, सहा पावलं कुठून मोजू, पायरीच नाही. मी घरी बसल्या बसल्या सांगायचो, तिथं आता काय आहे? मोबाइलचं दुकान? मग त्याच्या शटरपासून दोन पावलं मागे ये. तेव्हा छाती फुगायची माझी, खोटं कशाला बोलू.

मग पाणीखात्याच्या साहेबांनी बोलावलं. म्हणाले, काका, आता सगळा नकाशा कॉम्प्युटरवर घ्यायचाय, जमिनीवर काय आहे आणि खाली काय आहे ते सगळं, कुठं गळतं, कुठं गटाराची लाइन पाण्याच्या लाइनीला लागून जाते, ते ऑफिसात बसून दिसेल. तुमच्यासारखी माणसं आहेत तोवर करून घ्यायचंय. मी म्हटलं, मी आहेच, कुठं जातोय. पण आतून मला बरं वाटलं.

सर्वे करणारी मुलगी निकिता, इंजिनियर, गिरगावात खोताच्या वाडीच्या बाजूला राहणारी, तोंडाची फटकळ. तिच्या हातात पिवळी काठी, काठीवर थाळी, ती आकाशातल्या उपग्रहाशी बोलते म्हणे, आणि एक चाकांची गाडी, ती रस्त्यावरून ढकलली की जमिनीखालचं दाखवते. पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. ती म्हणाली, काका, लाइन इथून सरळ जाते, मशीन दाखवतंय. मी म्हटलं, बाय, तुझी मशीन कालची, इथं पूर्वी पिंपळ होता, त्याला वळसा घालून लाइन दोन फूट पलीकडून नेलेली, तिथं दिसतंय ती मेलेली टेलिफोनची नळी. ती म्हणाली, पिंपळ कुठाय? मी म्हटलं, माझ्या डोक्यात. दत्तू हसायला लागला. दुसऱ्या दिवशी खणलं. लाइन दोन फूट पलीकडे. सगळी गल्ली बघत होती, वडापाववाला म्हणाला, सीतारामकाका, मशीनचा पगार तुम्हालाच मिळायला पाहिजे. निकितानं कान पकडले आणि म्हणाली, काका, आजपासून मशीन तुमच्या मागे.

त्यानंतर महिनाभर आम्ही फिरलो. मी सांगायचो, ती काठी टेकवून त्या जागेचा नकाशावर बिंदू घ्यायची आणि खाली टाइप करायची, सुलटी, बावीस आटे. सुलटी, अठरा, नवव्याला अडकते. मी म्हटलं तसंच्या तसं. आणि काय सांगू तुम्हाला, त्या कामाचा गुण आला हे मी माझ्या तोंडानं सांगतो. शिवडीला एका वस्तीत पोरांना सारखे जुलाब व्हायचे, वर्षानुवर्षं कुणाला कारण सापडत नव्हतं. नकाशावर दोन रेघा एकमेकींवर चढलेल्या दिसल्या, खणलं, पाण्याचा पाइप कुजून गटारात बसलेला. बदलला. तिथल्या बायकांनी निकिताच्या हातात फुलं दिली, तिनं ती माझ्या हातात दिली. तेव्हा नकाशा वाईट असं मी म्हणणार नाही. नकाशाला जे सांगाल ते तो सांगतो.

शेवटी आमची चाळ आली. निकितानं अंगणात उभं राहून हातातली कॉम्प्युटरची पाटी बघितली आणि म्हणाली, काका, इथं काहीच नाही. मिलची लाइन तर भिंतीत मेलेली आहे, मग तुमच्याकडे पाणी येतं कुठून? सुलोचना दारात तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला. इंदिरा नळावर होती. मी म्हटलं, येतं कुठूनतरी. निकिता म्हणाली, असू दे, रिकामं ठेवते. एवढ्यावर मिटायचं होतं हो. ती निघाली होती, काठी खांद्यावर घेतली होती.

आणि दत्तू बोलला. त्याच्या मनात काही नव्हतं, थट्टा केली त्यानं. म्हणाला, मॅडम, दिव्याखाली अंधार, काकांना सगळ्या मुंबईचं ठाऊक, स्वतःच्या अंगणातलं ठाऊक नाही. निकिताही हसली. म्हणाली, काका, हरलात काय?

हरलात काय! मी चौथी न शिकलेला माणूस, महिनाभर तुमच्या मशीनला रस्ता दाखवणारा, मी हरलो? डोळ्यांच्या कडेनं मला सुलोचना दिसत होती, ती मान हलवत होती, अगदी बारीक, नको नको. मला दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. मी दत्तूला म्हटलं, दगडाला हात लाव. इंदिरानं बादली बाजूला ओढली. दगड सरकला. खाली व्हॉल्व्ह, ठेवला तसा. मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, लिही, उलटी चावी, चौदा आटे, ह्या हातानं बसवलेला. निकितानं वाकून बघितलं आणि म्हणाली, काय सुंदर जोड आहे काका. काठी टेकवली, बिंदू घेतला. माझा फोटोही काढला, दगडाजवळ उभा असलेला.

ते गेल्यावर सुलोचना एवढंच म्हणाली, तुमका गप रवाक काय झाला होता?

पुढं काय झालं ते लांब नाही. काही महिन्यांनी त्या नकाशातून एक यादी निघाली, ज्या जोडण्यांची दप्तरात नोंद नाही त्यांची. कुणी मुद्दाम काढली नाही, कॉम्प्युटरच काढतो. आमच्या भिंतीवर कागद लागला, मालकाच्या सहीनिशी अर्ज करा, नाहीतर जोडणी बंद करण्यात येईल. मालक कोण? मिल. मिल कुठाय? जागा एकाच्या ताब्यात, कागद दुसऱ्याच्या, भांडण कोर्टात, आणि सही करायला हात कुणाचाच नाही. मी चाळीतल्या चारजणांना घेऊन खेटे घातले, जिथं जाऊ तिथं सांगत, आमच्याकडे नाही, तिकडे विचारा.

मग साहेबांकडे गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मोठ्या पडद्यावर नकाशा उघडला. सगळं दिसत होतं हो, माझे सगळे व्हॉल्व्ह, निळे ठिपके, माझं आयुष्य पसरलेलं. आणि आमच्या अंगणात एक लाल. मी आयुष्यात कुणाचे पाय धरले नाहीत, गुरुजींचे धरले नाहीत, मिलवाल्यांचे धरले नाहीत. त्या दिवशी मी खुर्चीतून उठून हात जोडले आणि म्हटलं, साहेब, तेवढा ठिपका पुसा. साहेब भला माणूस, त्यांनी माझे हात धरून खाली घेतले. म्हणाले, काका, कापडाचा नकाशा असता तर मी बोटानं पुसला असता. हा माझ्या हातात नाही, इथून दिसतो तसा वर दहा ठिकाणी दिसतो. तुम्ही सही आणा, मी एका दिवसात नळ देतो. खरं बोलत होते. आणि सही तर नव्हतीच.

बंद करायला दत्तूच आला. दुसरा कोण येणार, चावी त्याच्याकडे. सकाळची दहाची वेळ, सगळी चाळ कठड्याला उभी. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. सोबतच्या माणसाला घेऊन दगड हलवला, चावी लावली आणि थांबला. माझ्या मनात काय आलं ते सांगतो, लिहा. मनात आलं की हा सवयीनं उजवीकडे फिरवणार, जोर लावणार, आतला दांडा तुटणार आणि व्हॉल्व्ह उघडाच्या उघडा राहणार, मग बंद करायचा तर रस्ता खणून मोठी लाइन थांबवावी लागेल, त्याला महिने जातील, तोवर पाणी. मला फक्त गप्प बसायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा फक्त गप्प बसायचं होतं, आणि मी बसलो, दात दाबून बसलो.

दत्तूनं खिशातून मोबाइल काढला, बघितला, आणि हळूच म्हणाला, काका, इथं लिहिलंय. उलटी चावी, चौदा आटे.

आणि त्यानं डावीकडे फिरवायला सुरुवात केली. मी मोजत होतो, सवयच ती. चौदाव्याला बसलं. घट्ट. माझा जोड, एक थेंब सुटला नाही.

निकिताचा फोन आला होता, रडत होती, म्हणाली, काका, मला माहीत असतं तर मी बिंदू घेतला नसता. मी म्हटलं, बाय, तू तुझं काम केलंस, मला गप्प बसता आलं नाही. ती म्हणते, तिनं नकाशात आमच्या चाळीवर खूण केली आहे, इथं माणसं राहतात आणि पाणी नाही, अशी, वरच्यांना दिसेल. दिसत असेल. आता आम्ही कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावरून भरतो. सुलोचनाचे गुडघे गेले, मी दोन कळशा आणतो, जिन्यावर तीनदा बसतो. इंदिरानं मला एक शब्द बोलून दाखवला नाही, तेच मला सोसत नाही, शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं. परवा तिची कळशी वर न्यायला गेलो तर म्हणाली, भावजी, राहू दे, मी नेते. साठी कधीच ओलांडलेली बाई, सातव्या महिन्यात घसरली होती तोच जिना.

सवय म्हणून सकाळी सहाला मी कांब घेऊन खाली जातो, दगडाला टेकवतो आणि कान लावतो. मोठ्या लाइनीतून पाणी जातं ते ऐकू येतं, दोन हातांवरून जातं. आमच्या पाइपात काही नाही. मग तिथंच बसून गाऱ्हाणं घालतो, भिवा घालायचा तसं जमत नाही, पण घालतो. बा देवा म्हाराजा, ज्या घरात पाणी येता त्या घरात ता तसाच येत रवांदे, शिवडीच्या पोरांका बरा ठेव, त्या निकिताक सुखी ठेव, दत्तूचो हात चालतो ठेव, त्येचो दोष नाय. आनि ज्येच्या तोंडातून गेला त्येका तू बघून घेतलंसच, आता बाकीच्यांका सोड रे म्हाराजा.

गाऱ्हाण्याला दुसरा माणूस लागतो हो, व्हय म्हणायला. एकट्याचं गाऱ्हाणं देवाकडे पोचत नाही असं आमच्यात म्हणतात. भिवा नाही, सुलोचना खाली उतरत नाही, इंदिराला विचारायचं माझं तोंड नाही. तुम्ही एवढा वेळ बसलात, लिहून घेतलंत. उठायच्या आधी एकदा म्हणाल का, व्हय म्हाराजा?